पायाची कळ: येते कशी आणि जाते कशी

आरोग्य प्रश्नोत्तरे: अधूनमधून दुखणाऱ्या पायांविषयी

बडोद्याच्या वाचकांकडून आलेल्या पत्रांमध्ये बहुतेकांनी दुखतं कुठे ते सविस्तर लिहिलं आहे. मात्र दुखणं थांबतं कशाने, हे फार थोड्यांनी लिहिलं. पायाच्या येऊन-जाऊन होणाऱ्या दुखण्यात निदानाचा निम्मा भाग तिथेच असतो. नुसतं उभं राहून कळ जाते, की बसावंच लागतं, की उलट चालल्याने बरं वाटतं, यावरून दोष रक्तवाहिनीत, मणक्यात की आणखी कशात, याचा अंदाज येतो. म्हणून खालच्या उत्तरांत हा प्रश्न पुन्हा पुन्हा येईल.

प्रश्न: माझे सासरे ६६ वर्षांचे आहेत. मधुमेह बारा वर्षांपासून. रोज सकाळी कमाटीबागेत फिरायला जातात. चार महिन्यांपासून ठरावीक अंतर चाललं की उजव्या पोटरीत कळ येते. बाकावर बसले की पाच मिनिटांत जाते, पुन्हा तेवढंच चालले की पुन्हा येते. विडी कमी केली आहे, तरी दिवसाला चार-पाच होतातच. घरात सगळे म्हणतात, वात आहे, तेल चोळा. काय करावं?
*— वाचक, दांडिया बाजार*

उत्तर: तेल बाजूला ठेवा आणि आधी एक गोष्ट तपासा. उद्या कळ आली की त्यांनी बाकावर बसू नये, जागच्या जागी ताठ उभं राहावं. उभ्या उभ्याच दोन ते पाच मिनिटांत, फार तर दहा मिनिटांत पोटरी मोकळी झाली, तर पायाला रक्त नेणारी धमनी अरुंद झाली असण्याची शक्यता मोठी आहे. चालताना पोटरीच्या स्नायूला रक्त कितीतरी पट जास्त लागतं. अरुंद धमनीतून तेवढं पोचत नाही आणि स्नायू कळवळतो. पाऊल थांबलं की गरज कमी होते, कळ जाते. म्हणूनच अंतर जवळजवळ ठरलेलं असतं. चढावर किंवा भरभर चालताना ते कमी होतं.

पोटरी दुखते तेव्हा अडथळा बहुधा मांडीतल्या धमनीत असतो. कुल्ला आणि मांडी दुखत असेल तर तो वर, ओटीपोटाच्या धमनीत. अशा पुरुषांना लैंगिक ताठरता न येण्याची तक्रारही अनेकदा असते आणि ती कोणी आपणहून सांगत नाही. डॉक्टरांना जरूर सांगावी. वय पन्नाशीच्या आत, विडी किंवा तंबाखू जोरात आणि कळ तळपायात, असं असेल तर तो छोट्या धमन्यांचा वेगळा आजार असू शकतो. त्यात तंबाखू पूर्ण न सोडल्यास बोटं जाऊ शकतात.

घरी दोन्ही पावलं शेजारी ठेवून पाहा. एक पाऊल गार, कातडी चकचकीत, नडगीवरचे केस गेलेले, नखं जाड झालेली, असं दिसतं का? आतल्या घोट्याच्या हाडामागे दोन बोटं हलकी ठेवून नाडी लागते का ते बघा. पावलाच्या वरची नाडी काही धडधाकट माणसांतही लागत नाही, त्यामुळे घोट्यामागची महत्त्वाची.

खरी तपासणी साधी, न दुखणारी आणि बिनसुईची आहे. पाच-दहा मिनिटं उताणं निजवून दोन्ही दंडांचा आणि दोन्ही घोट्यांचा रक्तदाब छोट्या डॉपलर यंत्राने मोजतात. प्रत्येक पायाच्या घोट्याचा आकडा भागिले दंडाचा आकडा, दोन दंडांपैकी मोठा धरून. दंडाला १४० आणि घोट्याला ९८ आले तर उत्तर ०.७०. साधारण १.० ते १.४ ठीक, ०.९० किंवा खाली म्हणजे धमनी अरुंद. तुमच्या सासऱ्यांच्या बाबतीत एक मेख आहे. जुन्या मधुमेहात धमनीच्या भिंतीत चुना साठून ती कडक होते, पट्ट्याने दाबली जात नाही आणि आकडा खोटाच चांगला येतो. १.४० च्या वर आला तर खुश होऊ नका, पायाच्या अंगठ्याचा दाब मोजायला सांगा. आणि आराम करताना आकडा बरा आला, पण लक्षणं अशीच असली, तर चालवून लगेच पुन्हा मोजतात.

उपचारात सर्वांत मोलाचं औषध म्हणजे चालणंच, फक्त पद्धतीने. कळ बऱ्यापैकी वाढेपर्यंत चालायचं, थांबायचं, पूर्ण गेली की पुन्हा चालायचं. असं थांबण्यासकट ३० ते ४५ मिनिटं, आठवड्यातून निदान तीन वेळा, किमान १२ आठवडे. बागेत बाकं आहेत, ती याच कामाची. कळ येते म्हणून फिरणं बंद करणं ही सर्वांत मोठी चूक. मात्र अंगठ्याला किंवा टाचेला जखम असेल तर आधी डॉक्टरांना विचारूनच चालायचं. विडी चार-पाचवर आणून भागत नाही, शून्यावर आणावी लागेल. मावा, बजर (दातांना लावायची तपकीर) हेही त्यात आलं. कोलेस्टेरॉलची स्टॅटिन गोळी आणि रक्त गोठू न देणारी गोळी डॉक्टर बहुधा सुरू करतील. ती पायापुरती नाही. पायाची धमनी अरुंद असलेल्या माणसाची हृदयाची आणि मेंदूचीही बहुधा त्याच वाटेवर असते. म्हणून ही कळ वात म्हणून सोडून देऊ नका, पंधरा दिवसांच्या आत दाखवा.

गरम पाण्याची पिशवी, शेगडी, शेकणं बंद. मधुमेहात पाय बधिर असला तर भाजलेलं कळत नाही आणि कमी रक्ताच्या पायाची भाजलेली जखम भरत नाही. रोज रात्री बोटांच्या बेचक्या आणि तळवे पाहा, वाकता येत नसेल तर आरसा ठेवा.

थांबू नये अशी चिन्हं: रात्री निजल्यावर पाऊल ठणकतं आणि खाटेवरून खाली लोंबकळत ठेवलं की बरं वाटतं, बोट काळं पडतं, जखम दोन आठवड्यांत भरत नाही. यात एक-दोन दिवसांत तज्ज्ञाकडे. आणि पाय अचानक पांढराफटक, गार, बधिर झाला, बोटं हलेनात, तर ताबडतोब १०८. साधारण सहा तासांच्या आत रक्त सुरू झालं तर पाय वाचण्याची आशा चांगली असते. चोळत, शेकत बसू नका.

प्रश्न: मावशी ७१ वर्षांच्या आहेत. दहा मिनिटं उभं राहिलं की दोन्ही पाय कमरेपासून भरून येतात, मुंग्या येतात. ओट्यावर कोपर टेकून वाकल्या की बरं वाटतं. गंमत म्हणजे घरातली व्यायामाची सायकल वीस मिनिटं चालवतात, काही होत नाही. पावागडला पायऱ्या चढताना ठीक होत्या, उतरताना चार ठिकाणी बसावं लागलं.
*— वाचक, कारेलीबाग*

उत्तर: पत्रात हवं ते सगळं आहे. वाकल्यावर जाणारी आणि ताठ झाल्यावर येणारी कळ बहुधा कमरेच्या मणक्यातली असते. वयाबरोबर मणक्यातली नस जाण्याची वाट अरुंद होते. कंबर मागे वाकली की ती आणखी अरुंद, पुढे वाकली की थोडी मोकळी. उतारावर शरीर मागे झुकतं, म्हणून उतरताना त्रास. सायकलवर माणूस पुढे वाकलेला असतो, म्हणून नाही. धमनीच्या दुखण्यात सायकलवरही पोटरी भरते आणि नुसतं उभं राहून जाते. इथे नुसतं उभं राहून जात नाही, बसावं किंवा वाकावंच लागतं. उतरताना फक्त गुडघाच दुखत असेल, मुंग्या नसतील, तर मात्र दोष गुडघ्याच्या सांध्यात शोधावा.

कित्येकांना या वयात दोन्ही असतात, त्यामुळे घोट्याची नाडी एकदा बघून घ्याच.

स्वयंपाकघरात सहा इंची पाट ठेवून एक पाय त्यावर, थोड्या वेळाने दुसरा, असं उभं राहावं. पोळ्या उंच स्टुलावर बसून लाटाव्यात. निजून दोन्ही गुडघे छातीशी आणायचे, २० सेकंद धरायचे, दहा वेळा, दिवसातून दोनदा. सायकल चालू ठेवावी, ती त्यांना सोसते आहे. बाजारात जाताना हातात पिशव्या नकोत, ढकलायची चाकाची गाडी बरी, आपोआप वाकून चाललं जातं. दुकानातून आणलेल्या दुखण्यावरच्या गोळ्या आठवडेच्या आठवडे नकोत. या वयात मूत्रपिंड, पोट आणि रक्तदाब तिन्हींना त्या महाग पडतात.

लगेच एमआरआय काढायची घाई नको. सत्तरीत ज्यांना काहीच त्रास नाही त्यांच्याही चित्रात मणक्याची झीज दिसते आणि मग चित्रावर उपचार सुरू होतात. सहा आठवडे व्यायाम करून फरक नसेल, चालण्याचं अंतर घटत असेल किंवा पाऊल लुळं पडून चप्पल निसटत असेल, तर काढावा. आणि हे पाठ करून ठेवा: बसण्याची जागा बधिर होणं, लघवी अडकणं किंवा नकळत होणं, संडासवरचा ताबा जाणं. यातलं एकही झालं तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, इस्पितळ.

प्रश्न: बाळंतपणाला तीन आठवडे झाले. रात्रभर बसने पुण्याहून माहेरी आले. दोन दिवसांपासून डावी पोटरी सुजली आहे, गरम लागते, अधूनमधून ठणकते. आजी म्हणते, तेल लावायला येणाऱ्या बाईंकडून पाय चांगले रगडून घे.
*— वाचक, प्रतापनगर*

उत्तर: या ताईंना अंकाची वाट न पाहता वेगळं कळवलं आहे. इथे उत्तर इतर घरांसाठी.

रगडू नका. त्याच दिवशी इस्पितळात जा. एकाच पायाची सूज आणि पोटरीचा ठणका, तोही बाळंतपणानंतरच्या सहा आठवड्यांत, याचा अर्थ खोल नीलेत रक्ताची गुठळी नाही ना हे आधी पाहायचं. गर्भारपणात आणि नंतर रक्त जास्त लवकर गोठतं, त्यात तासन्‌तास पाय लटकवून बसणं. गुठळी रगडल्याने निसटून फुप्फुसात जाऊ शकते. गुडघ्याखालच्या हाडाच्या उंचवट्यापासून १० सेंटिमीटर खाली दोन्ही पोटऱ्या टेपने मोजा. ३ सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर संशय पक्का. फरक कमी असला तरी तपासणी टाळायची नाही. पायाच्या डॉपलर सोनोग्राफीने उत्तर मिळतं. गुठळीचा माग काढणारी रक्ताची डी-डायमर चाचणी बाळंतपणानंतर तशीही वाढलेली असते, तिच्यावर विसंबू नये.

गुठळी निघाली तर रक्त पातळ ठेवणारी औषधं निदान तीन महिने. अंगावर पाजणाऱ्या आईला चालतील अशी औषधं त्यात आहेत, दूध तोडावं लागत नाही. पण पाजते आहे हे डॉक्टरांना सांगायलाच हवं, कारण सगळीच चालत नाहीत. दम लागला, श्वास घेताना छातीत टोचलं, खोकल्यात रक्त आलं, चक्कर आली, तर रिक्षा शोधू नका, १०८.

शस्त्रक्रियेनंतर, प्लास्टर असताना, कर्करोगाच्या उपचारात, गर्भनिरोधक गोळ्या चालू असताना हेच लागू. चार तासांहून मोठ्या प्रवासात दर तासा-दोन तासांनी उठावं, बसल्या जागी घोटे वर-खाली करत राहावं, पाणी प्यावं.

प्रश्न: वय ५८. रात्री दोन-तीनला पोटरीत असा गोळा येतो की ओरडून उठते. रक्तदाबाची लघवीवाटे पाणी काढणारी गोळी चालू आहे. धाकट्या जाऊबाईंचं वेगळंच, संध्याकाळ झाली की पाय स्वस्थ राहत नाहीत, हलवत राहावंसं वाटतं, फेऱ्या मारल्या की बरं. दोघींना केळी खायला सांगितली आहेत.
*— वाचक, रावपुरा*

उत्तर: तुमची आणि जाऊबाईंची तक्रार एक नाही.

गोळा आला की गुडघा सरळ करा आणि बोटं नाकाकडे ओढा. उठता येत असेल तर टाच जमिनीवर दाबून उभ्या राहा. अर्ध्या-एक मिनिटात सुटतो, पोटरी दुसऱ्या दिवशी दुखरी राहते. तो येऊ नये म्हणून निजण्यापूर्वी भिंतीपासून हातभर अंतरावर उभ्या राहून तळवे भिंतीला, टाचा जमिनीला, पुढे झुकून पोटरी ताणायची. ३० सेकंद, तीन वेळा, प्रत्येक पाय. सहा आठवडे रोज केल्याशिवाय निकाल ठरवू नका. पांघरूण पायथ्याशी घट्ट खोचू नका, त्याने पाऊल खाली दाबलं जातं आणि पोटरी आखडते.

पाण्याच्या गोळीने हे होऊ शकतं, पण ती मनाने बंद करू नका. पोटॅशियम, कॅल्शियम, क्रिएटिनिन आणि थायरॉईड तपासून डॉक्टरांशी बोला. कोलेस्टेरॉलची गोळी नवी सुरू झाली असेल तर तेही सांगा. केळ्यांचा उपयोग पोटॅशियम कमी असेल तरच. मूत्रपिंड कमजोर असलेल्यांनी तर ती विचारूनच खावीत, तिथे पोटॅशियम आधीच वाढलेलं असू शकतं. क्विनाईनची गोळी कोणी सुचवली तर घेऊ नका, रक्तावर आणि हृदयावर तिचे घातक परिणाम होतात.

जाऊबाईंचा त्रास चालल्याने जातो, बसल्याने येतो, संध्याकाळीच येतो. ही पायांची अस्वस्थता आहे आणि तिच्यामागे अनेकदा शरीरातला लोहाचा साठा कमी असतो. हिमोग्लोबिन बरोबर असूनही साठा रिकामा असू शकतो. म्हणून फेरिटिन तपासा. या तक्रारीत ७५ च्या आत असेल तर डॉक्टर लोह देतात, भले प्रयोगशाळेच्या कागदावर तो आकडा नॉर्मल छापलेला असो. गोळी लिंबाच्या पाण्याबरोबर, चहापासून आणि कॅल्शियमच्या गोळीपासून निदान तास-दोन तास लांब. पाळीत रक्त जास्त जातं का तेही पाहावं. सर्दीच्या झोप आणणाऱ्या गोळ्या, उलटीचं मेटोक्लोप्रामाइड आणि काही नैराश्याच्या गोळ्या हा त्रास वाढवतात. संध्याकाळचा चहा-कॉफी सोडून दोन आठवडे बघा.

प्रश्न: सहा वर्षांचा मुलगा रात्री पाय दुखतात म्हणून रडतो. चोळलं की झोपतो. सकाळी उड्या मारत शाळेत. वाढीचं दुखणं म्हणून सोडून द्यावं का?
*— वाचक, मांजलपूर*

उत्तर: दोन्ही पाय दुखतात, मांड्या, पोटऱ्या किंवा गुडघ्यामागे, संध्याकाळी किंवा रात्री, रोज नाही, सकाळी काहीच नाही, लंगडत नाही, चोळून घ्यायला आवडतं. असं असेल तर काळजी नको. तीन ते बारा वर्षांच्या मुलांत हे सर्रास दिसतं. निजण्यापूर्वी पोटऱ्या आणि मांड्यांना हलका ताण, कोमट शेक, गरज पडली तर वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल. ॲस्पिरिन मुलांना नाही.

चोळू देत नाही, हात लावला की ओरडतो, ही उलटी खूण. नेहमी एकच पाय, एकच जागा, सकाळी उठतानाही दुखणं, लंगडणं, सांधा सुजणं, ताप, वजन घटणं, फिकटपणा, मार न लागता अंगावर निळे डाग: यातलं काहीही असेल तर त्याच आठवड्यात बालरोगतज्ज्ञ, आणि ताप व लंगडणं एकत्र असेल तर त्याच दिवशी. सांध्यात पू होणं आणि रक्ताचा कर्करोग हे दोन्ही सुरुवातीला नुसत्या पायदुखीसारखे दिसतात. गुडघा दुखतो म्हणणाऱ्या मुलाचा खुबाही तपासून घ्यावा, खुब्याचं दुखणं मुलांना गुडघ्यात जाणवतं.

प्रश्न: मुलगी १९ वर्षांची. नवरात्रीआधी महिनाभर रोज तीन तास गरब्याचा सराव, सिमेंटच्या गच्चीवर, अनवाणी. आता नडग्या दुखतात. थांबली की जातं. नऊ रात्री नाचू द्यावं का?
*— वाचक, अलकापुरी*

उत्तर: बोटाने नडगीच्या हाडाची आतली कड वरून खाली दाबत या. लांब पट्टाच दुखत असेल तर हाडाच्या आवरणावर ताण आला आहे. दोन आठवडे सराव निम्म्यावर, बूट घालून, नाचानंतर १५ मिनिटं बर्फ फडक्यात गुंडाळून. पण एकाच जागी, बोटाच्या पेराएवढ्या भागात चमक असेल, एका पायावर उडी मारताच कळ येत असेल किंवा रात्रीही ठणकत असेल, तर हाडाला बारीक चीर असू शकते. पहिले दोन-तीन आठवडे ती एक्स-रेत दिसत नाही, म्हणून एक्स-रे स्वच्छ आला तरी नाच नाही, एमआरआयने कळतं. या वर्षी गरबा बुडाला तर वाईट वाटेल, पण चिरेवर नाचल्याने हाड पूर्ण मोडू शकतं. पाळी अनियमित असेल किंवा ती जेवण तोडत असेल तर हाडं कच्ची राहतात, तेही विचारा.

नडगीच्या बाहेरच्या अंगाचा स्नायू ठरावीक मिनिटांनी दगडासारखा कडक होऊन पाऊल बधिर होत असेल, तर ते वेगळं. अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावं.

प्रश्न: पाय दुखतो म्हणून आधी कोणत्या डॉक्टरकडे जायचं?
*— वाचक, मकरपुरा*

उत्तर: नेहमीच्या डॉक्टरांकडे. थांबून जाणारी पोटरीची कळ असेल तर ते रक्तवाहिन्यांच्या सर्जनकडे पाठवतील, वाकून जाणारी असेल तर अस्थिरोग किंवा मज्जाविकार तज्ज्ञाकडे. खर्चाची अडचण असलेल्यांसाठी सयाजी इस्पितळाची, म्हणजे एसएसजीची, ओपीडी आहे. तिथे सकाळी लवकर जावं. नेताना चालू गोळ्यांच्या सगळ्या पट्ट्या न्या, आयुर्वेदिकही. आठ दिवसांची टिपणं न्या: कोणता पाय, कुठे, किती पावलांनी किंवा मिनिटांनी, आणि कशाने थांबलं. सैल पायजमा घाला, म्हणजे मांडीपर्यंत तपासता येईल. मोजे आणि पैंजण घरीच काढून ठेवा.